टर्बोने तपासलेला कान

अंकाच्या संपादकांनी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हटलं, आयुष्यभर मी फक्त जॉबकार्डं लिहिली. त्यातही शब्द तीनच असायचे. क्लच, ब्रेक, आवाज. ते म्हणाले, मग तिसऱ्या शब्दावर लिहा. म्हणून हा लेख आवाजावर आहे आणि त्यात माझी फजिती आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे अर्ध्यात पान उलटणाऱ्यांनी मी फार मोठा कारागीर होतो असा समज करून घेऊ नये.

हिंगणघाटला नागपूर-हैदराबाद रस्त्यालगत माझं गॅरेज आहे. चौतीस वर्षं झाली. पुढे गॅरेज, मागे घर आणि दोन्हींच्या मधे एकच भिंत. भिंतीच्या पलीकडे सुमनचा, म्हणजे माझ्या बायकोचा, स्वयंपाकाचा ओटा. आमच्याकडे वरणाला गॅरेजचा वास येतो असं पाहुणे म्हणतात. आम्हाला येत नाही.

आमच्या धंद्यात गिऱ्हाईक रोग सांगत नाही, आवाज सांगतं. "मिस्त्री, कुठंतरी वाजून राह्यलं." कुठे, कधी, कसं, हे आपण शोधायचं. डॉक्टर छातीला नळी लावतो तसा आम्ही लांब स्क्रू-ड्रायव्हर लावतो. त्याचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या हाडावर. त्यातून बेअरिंग वेगळं ऐकू येतं, वॉटरपंप वेगळा, चेन वेगळी. पंधरावीस वर्षांनी स्क्रू-ड्रायव्हरचीही गरज राहत नाही. गाडी वळणावर असतानाच मिस्त्रीला कळतं की आज काय खोलायचं आहे.

माझा कान चांगला होता. समुद्रपूरच्या एका टेम्पोवाल्याची गाडी जाताना वाजायची आणि येताना गप्प असायची. तीन मिस्त्री करून झाल्यावर तो माझ्याकडे फोनवर रडला. मी म्हटलं, "फोन डॅशबोर्डवर ठेव, अन् चालव." पाच मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "बाजूच्या सीटवर येताना कोण बसते?" तो म्हणाला, "सासरे बसतेत जी, रोज बाजारातून आणतो त्याईले." मी म्हटलं, "सीटखालचा जॅक मोकळा झाला. सासरे बसले की दबते." तेवढंच होतं. ही गोष्ट तो अजून ढाब्यांवर सांगतो आणि मी मानभावीपणे खाली बघतो.

हा कान मी कमावला तो जिनिंगमध्ये. गॅरेज टाकण्याआधी सहा वर्षं मी एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होतो. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं रांगेने चालू असतात तेव्हा शेजारच्या माणसाचं ओरडणंही ऐकू येत नाही. तिथले सगळे कामगार हाताच्या खुणांनी आणि ओठ वाचून बोलतात. आणि सगळे कानात रुईचा बोळा घालतात. रुई समोरच पडलेली, बोळा करायचा आणि खुपसायचा. मी कधी घातला नाही. मला वाटायचं, फिटरने कान बंद केला तर मशीन कोणी ऐकायचं? बाया हसून म्हणायच्या, "घाल रे बापा, बहिरा होशीन." मी त्यांनाच हसायचो. ऐन विशीतली अक्कल होती ती.

आता मुद्द्याच्या गाडीकडे येतो. दोन वर्षांपूर्वी होळीनंतर गिरीशभाऊ आले. गावातले कापसाचे आणि डाळीचे व्यापारी, चाळिशीचे, स्वभावाने मोकळे. त्यांचे एक काका केनियात तीस वर्षं व्यापार करून परत आले तेव्हा कपड्यांच्या पेट्यांबरोबर स्वतःची गाडीही जहाजातून घेऊन आले होते. जपानी, दोन माणसांची, बुटकी, टप मागे उघडणारी. लाल रंग उडून गुलाबी झालेला. हिंगणघाटात ती निघाली की लोक चहाचा कप हातात धरून उभे राहायचे.

"काका, याच्यात टर्बोवालं इंजिन बसवाचं हाये," गिरीशभाऊ मला म्हणाले.

"काऊन? हे बिघडलं का?"

"बिघडलं नाई जी. पन परवा जामच्या पुलावर मले एका म्हाताऱ्यानं डिझेल जीपनं ओव्हरटेक केलं. जीपमंदी मागं दोन बकऱ्या होत्या."

"मंग?"

"बकऱ्या माह्याकडं पाहून राह्यल्या होत्या."

मी हसू दाबलं, पण दुःख खरं होतं. दिसायला चित्ता आणि पळायला म्हैस, असं त्या गाडीचं होतं. शिवाय मे महिन्यात त्यांच्या काकांची अठ्ठ्याहत्तरी होती. त्यांना त्या दिवशी शेजारी बसवून नागपूरला न्यायचं आणि वाटेत गाडी कशी पळते ते दाखवायचं, असं गिरीशभाऊंनी मनात धरलं होतं. काका तरुणपणी म्हणे कायम म्हणायचे की या गाडीला अजून थोडी ताकद पाहिजे होती.

ज्यांचा गाडीशी संबंध फक्त मागच्या सीटवर बसण्यापुरता आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. साधं इंजिन हवा स्वतः ओढतं. पिस्टन खाली जातो, जागा होते, तेवढी हवा आत येते. आपण श्वास घेतो तसंच. टर्बोच्या इंजिनात धुराड्यातून जाणारा गरम धूर एक छोटी चकरी फिरवतो. त्याच दांड्यावर पलीकडे दुसरी चकरी असते, ती हवा कोंबून आत भरते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून जोर जास्त. फुकट जाणाऱ्या धुराकडून काम करून घेण्याची ही युक्ती मला कायम आवडत आली आहे. डिझेल ट्रकांचे टर्बो मी शेकड्याने उघडले आहेत. पेट्रोलचं मात्र हे पहिलंच होतं, हे मी गिरीशभाऊंना सांगितलं नाही.

"पह्यले वर्ध्याले जाऊन आरटीओची परवानगी काढा," मी म्हटलं. "इंजिन नंबर बदलते. कागद झाल्याबिगर मी पान्याले हात नाई लावत." त्यांनी कागद केले. त्याच कंपनीच्या एका मोठ्या गाडीचं, अपघातात पुढून चेपलेलं, टर्बोवालं इंजिन नागपूरच्या भंगार बाजारात मिळालं. इंजिन शाबूत होतं, आजूबाजूचं बरंच गेलेलं होतं.

मग दीड महिना काम चाललं. जुनं इंजिन चेनकप्पीने वर उचललं तेव्हा गिरीशभाऊ गाडीला हात लावून उभे होते, जसं घरातल्या कोणाला ऑपरेशनला नेतात. नवं इंजिन आत उतरेना. टर्बो ज्या बाजूला होता तिथेच स्टिअरिंगचा दांडा. मी टर्बोखालचा लोखंडी पाइप कापून नव्याने वळवून घेतला. इंजिन ज्या रबरी पायांवर बसतं त्यांच्या पट्ट्या तीनदा बनवल्या. रेडिएटर मोठा लागला, क्लच जड लागला. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती तापते, म्हणून ती थंड करायला पुढे जाळीमागे आणखी एक छोटा रेडिएटर लागतो. आमच्याकडे हंगामात रस्त्यावर कापसाचे तंतू उडतात, ते त्या जाळीत अडकतात. म्हणून त्याच्यापुढे मी एक बारीक जाळी काढता-घालता येईल अशी बसवली. हे बाहेरच्या मिस्त्रीला सुचलं नसतं, एवढं तरी मी म्हणणारच.

वायरिंग आणि कॉम्प्युटरचं काम माझं नव्हतं. त्यासाठी गिरीशभाऊंनी पुण्याचे अभिजित म्हणून एक जण गाठले. ते पुण्यात बसून आपल्या लॅपटॉपवरून इथल्या गाडीचा कॉम्प्युटर जुळवतात. मला हे जादूटोण्यासारखं वाटलं, पण माणूस सरळ होता. पहिल्याच फोनवर त्यांनी मला विचारलं, "काका, नॉक सेन्सर चालू आहे का?"

नॉक म्हणजे काय ते सांगायलाच पाहिजे, कारण सगळं त्यावरच आहे. पेट्रोलला प्लगची ठिणगी पेटवते, ठरलेल्या क्षणी. पण दाब आणि उष्णता जास्त झाली की ठिणगीची आग पोचायच्या आधीच उरलेलं पेट्रोल मधेच स्वतः भडकतं आणि पिस्टनच्या डोक्यावर हातोडा बसतो. साध्या इंजिनात हे सहसा थोडक्यावर भागतं. टर्बोत असं काही मिनिटं चाललं तर पिस्टनला भोक पडतं, आणि तेव्हा गाडी हायवेवर जोरात असेल तर पुढचं सांगायला नको. या नॉकचा बारीक टकटक आवाज येतो. तो पकडायला इंजिनावर एक सेन्सर असतो. आमच्या इंजिनाचा सेन्सर अपघातात फुटलेला होता.

"नवीन मागवू या," अभिजित म्हणाले. "आठ-दहा दिवस लागतील."

काकांची अठ्ठ्याहत्तरी सहा दिवसांवर होती. गिरीशभाऊंचा चेहरा उतरला. आणि मी फोनमध्ये म्हणालो, "सेन्सर कायले पायजे? मी हाओ ना. बत्तीस वर्षं कानावर धंदा केला."

अभिजित म्हणाले, "ठीक आहे काका. तुमच्या कानावर टाकतो. पण जरा जरी आवाज आला तर लगेच सांगायचं."

मे महिन्याच्या दुपारी आम्ही जाम गावच्या रस्त्याला गाडी काढली. मी चालवत होतो, गिरीशभाऊ शेजारी गाडीला जोडलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन. तिसरा गिअर, पाय पूर्ण दाबायचा, टर्बोच्या हवेच्या दाबाचा काटा वर चढताना ऐकायचं. अभिजित फोनवरून विचारायचे, "नॉक येतोय का?" मी सांगायचो, "नाई." ते थोडा दाब वाढवायचे. "आता?" "नाई. एकदम साफ." गिरीशभाऊंना तर काय ऐकायचं तेच माहीत नव्हतं, ते पाठ सीटला चिकटल्याच्या आनंदात होते. गाडी खरोखर पळत होती. एक डिझेल जीप मागे पडली तेव्हा त्यांनी मागे वळून बकऱ्या आहेत का ते पाहिलं.

परत आलो तेव्हा सुमन गॅरेजच्या दारात बसून वर्षाची तुरीची डाळ पाखडत होती. मी इंजिन चालू ठेवून दोनतीनदा जोरात रेस दिली, गिरीशभाऊ खूश होऊन घरी गेले, आणि ती उठून माझ्यासमोर आली.

"येताना दारापुढच्या चढावर गाडी खडखडून राह्यली होती जी."

"टर्बोचा आवाज असाच असते."

"तो सूं आवाज वेगळा. त्याच्या मंदी दुसरं हाये. खड्यासारखं."

"तुले डिझेलची सवय. पेट्रोलचं तुले काय समजते?" मी जरा फाडकन बोललो. ती परत सुपाशी गेली.

खरं तर डिझेलची सवय मलाच होती. डिझेलचं इंजिन जन्मभर खडखडतं, ती त्याची तब्येत असते. आमच्याकडच्या मिस्त्रीला खडखड ऐकू आली तरी तो म्हणतो, चालू आहे. पण त्या दिवशी मला खडखड ऐकूच आली नव्हती, आणि हे मी मनात फिरवत राहिलो. तिला आली आणि मला का नाही? ती दारात होती आणि मी गाडीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून मी पुन्हा गॅरेजमध्ये आलो. काकांची अठ्ठ्याहत्तरी चार दिवसांवर होती, गाडी पुसून तयार होती. सुमन सूप घेऊन आली आणि माझ्यापुढे खाली बसली.

"असा आवाज येत होता," ती म्हणाली. "ऐका."

तिने सुपात मूठभर डाळ घेतली, त्यात निवडून बाजूला ठेवलेले खडे टाकले, आणि सूप हलवायला लागली. मी पाहत होतो. तिचं मनगट फिरत होतं, डाळ सरकत होती, खडे उडून सुपावर आपटत होते. ते आपटताना मला दिसत होते. डाळीची सरसर मला अंधुक ऐकू येत होती. खड्यांचा आवाज येत नव्हता.

"जरा जोरानं हालव," मी म्हटलं.

तिने सूप जवळजवळ झोडपलं. खडे उंच उडाले आणि पडले. मी लहानपणापासून हा आवाज ऐकत आलो आहे. आईच्या सुपातला, आजीच्या सुपातला, या घरातला रोजचा. तो आता नव्हता, आणि केव्हा गेला ते मला माहीत नव्हतं. मला भीती वाटली, आणि तिच्यासमोर लाज वाटली.

"चाल," मी म्हटलं. "गाडीत बस."

"मी? त्या गाडीत?"

"तिथं बसून ऐक. आवाज आला की बोट वर कर. बाकी काही बोलू नोको."

तिने पदर कमरेला खोचला आणि त्या बुटक्या गाडीत कशीबशी उतरली. आम्ही कालच्याच रस्त्याने निघालो. तिसरा गिअर, चढ, पाय पूर्ण दाबला. दाबाचा काटा अर्ध्याच्या थोडा वर गेला आणि तिचं बोट वर झालं. मी पाय उचलला, बोट खाली आलं. पुन्हा दाबला. काटा त्याच जागी आला आणि बोट वर. पाच वेळा केलं, पाचही वेळा तेच. ती काट्याकडे पाहत नव्हती, काटा कशाचा असतो ते तिला ठाऊकही नव्हतं. ती डोळे मिटून बसली होती. मला मात्र पाचही वेळा फक्त इंजिनाचा जड आवाज आणि वारा ऐकू आला.

परत येऊन मी प्लग काढले. डोळे माझे अजून शाबूत आहेत. प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर मीठ भुरभुरल्यासारखे बारीक चकाकते कण होते. ते पिस्टनचे कण असतात. नॉकने पिस्टन झिजायला लागला की ते उडून प्लगवर चिकटतात. अजून दोनचार अशा फेऱ्या आणि मग नागपूरचा रस्ता, गिरीशभाऊ, आणि शेजारी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे काका. मी प्लग हातात धरून तिथेच स्टुलावर बसलो. सुमनने पाणी आणून दिलं.

अभिजितना स्पीकरवर फोन लावला. ते काय बोलतात ते सुमन माझ्यासमोर उभी राहून मला सांगत होती, तेव्हाच मला कळलं की फोनवरही मी बरंच अंदाजानेच बोलत आलो आहे. मी त्यांना सांगितलं, "साहेब, मी तुमाले नाई नाई म्हटलं, ते सारं चूक होतं. मले ऐकू येत नाई." हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोललो. अभिजित एवढंच म्हणाले, "बरं झालं, वेळेवर सांगितलं. दाब आत्ताच खाली घेतो. गाडी काढू नका. सेन्सर मागवा."

सर्वांत कठीण गिरीशभाऊंना सांगणं होतं. मी स्वतः त्यांच्या दुकानात गेलो. डाळीची पोती, पंखा, गादीवर ते बसलेले. मी उभ्या उभ्याच सांगितलं. गाडी अठ्ठ्याहत्तरीला मिळणार नाही, चूक माझी आहे, इंजिनाला काही झालं असेल तर मी स्वतः उघडून दुरुस्त करीन. आणि माझा कान गेला आहे, म्हणून हे झालं.

गिरीशभाऊंनी मला बसवलं. मग हळूच म्हणाले, म्हणजे मला ओठांवरून कळलं की हळू म्हणाले, "काका, कान गेला ते आमाले माहीत हाये जी."

"कोणाले माहीत?"

"साऱ्याईले. ट्रकवाले तुमच्याशी ओरडून कायले बोलतेत मंग?"

मी म्हटलं, "ट्रकवाले ओरडूनच बोलतेत."

"तुमच्याशीच ओरडतेत. माह्याशी नाई ओरडत." ते थोडे अवघडले. "अन् गाडी आणली की आमी पह्यले काकूले सांगतो, काय वाजून राह्यलं ते. काकू ऐकते. मंग तुमी खोलता. दोघं मिळून करता ना तुमी? मी समजलो का या खेपीलेबी काकूनं ऐकलं असन."

त्या दुकानातून गॅरेजपर्यंतचा रस्ता दहा मिनिटांचा आहे. मला अर्धा तास लागला. मी एकेक गाडी आठवत होतो. सुमन जेवताना सहज म्हणायची, "सकाळच्या जीपचं मागचं चाक कण्हून राह्यलं होतं," आणि मी दुपारी ते चाक उघडायचो, बेअरिंग गेलेलं निघायचं, आणि मी मनात म्हणायचो, वा, इतकी वर्षं माझ्याशेजारी राहून हिलाही कळायला लागलं. मला तिचं कौतुक वाटायचं. गिऱ्हाइकाला मी सांगायचो, "मी आवाजावरूनच ओळखलं." तेवढ्या वर्षांत माझ्या हातून एकच गाडी बिघडलेली सुटली होती. कारंज्याच्या एका ढाबेवाल्याची जीप मी ठीक म्हणून दिली आणि दोन दिवसांत तिचं बेअरिंग जाम झालं. नशीब, ढाब्याच्या दारातच झालं. मी सुट्या भागाला दोष दिला होता. आता हिशेब जुळला. तेव्हा सुमन चार दिवस माहेरी गेली होती.

सेन्सर दहाव्या दिवशी आला. मी इंजिनाची चारही सिलिंडरं तपासली, दाब बरोबर होता, नुकसान वरवरच होतं. पुन्हा जामचा रस्ता, या वेळी लॅपटॉप सुमनच्या मांडीवर. सेन्सरचं चिन्ह लॅपटॉपवर लाल व्हायचं आणि तिचं बोट वर व्हायचं, दोन्ही जवळजवळ एकदमच. अभिजित ठिणगीची वेळ थोडी थोडी उशिरावर नेत गेले. शेवटी पाय पूर्ण दाबला, काटा वरपर्यंत गेला, चिन्ह हिरवं राहिलं आणि तिचे दोन्ही हात मांडीवर होते. काकांना पंधरा दिवस उशिरा गाडी मिळाली. ते नागपूरला जाऊन आले आणि येताना गाडी स्वतः चालवली, हे गिरीशभाऊंनी मला ओरडून सांगितलं. ती गाडी अजून चालते आहे. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम तेच, असं मला वाटतं, आणि त्यातला अर्धा वाटा माझा आहे.

वर्ध्याच्या दवाखान्यात तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघ काढून दाखवली. बारीक, चढे आवाज गेलेले, जड आवाज राहिलेले. जिनिंगमध्ये होतात का, त्यांनी पहिल्याच वाक्यात विचारलं. कानात यंत्र बसवलं आहे. त्यात माणसं बऱ्यापैकी ऐकू येतात, इंजिन नाही.

पण एक गोष्ट मला सलत होती. तपासणीहून आलो त्या संध्याकाळी सुमन चहा घेऊन आली आणि नेहमीसारखी वळसा घालून माझ्यापुढे उभी राहिली. कित्येक वर्षं ती अशीच वळसा घालून समोर येते आणि मगच बोलते. मी विचारलं, "तुले सारं माहीत होतं. एकदाही काऊन नाई सांगितलं मले?"

"सांगितलं जी," ती म्हणाली. "सुरुवातीले. दोन खेपा सांगितलं. दोन्ही खेपा तुमी टेबलावर पाठमोरे काम करून राह्यले होते. तुमी वळलेच नाई. मंग म्हटलं, राहू दे."

माझं टेबल गॅरेज टाकलं त्या दिवसापासून रस्त्याकडे तोंड करून होतं. गिऱ्हाईक येताना दिसावं म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलावरच्या वाइसचे, म्हणजे लोखंडी पकडीचे, चारही बोल्ट काढले, टेबल फिरवलं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून पुन्हा ठोकून बसवलं. सुमन दारात येऊन म्हणाली, "आता गिऱ्हाईक आलं तं तुमाले कसं समजन?" मला प्रत्येक शब्द कळला. मी म्हटलं, "तू सांगशीन ना."